गेटपासून सक्शन टाकीपर्यंत: सोसायटीसाठी डीआय पाइप निवडताना

२०२३ चा जून. पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले होते. सकाळी सातच्या आत मला अकरा फोन आले, चारही विंगमधून, आणि तक्रार एकच: पाण्याला गटाराचा वास येतोय. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. चार विंग, ११२ फ्लॅट, बांधकाम १९८४ चं. त्या वर्षी मी सेक्रेटरी होते. नोकरी बँकेत, त्यामुळे हिशोब, ठराव, पत्रव्यवहार जमायचा. पाइपातलं मात्र काहीच कळत नव्हतं. पुढचे नऊ महिने या एका पाइपलाइनमागे गेले. त्या दिवसांत मराठीत काही वाचायला मिळतं का म्हणून खूप शोधलं. हाती लागल्या त्या बहुतेक जाहिराती. म्हणून जे घडलं ते, आणि शेवटी आम्ही डीआय म्हणजे डक्टाइल आयर्न हा लोखंडी पाइप का निवडला ते, क्रमाने लिहून ठेवते आहे.

पहिल्या दिवशी आम्ही तेच केलं जे सगळे करतात. सक्शन टाकी, म्हणजे पालिकेचं पाणी आधी जिच्यात पडतं ती खालची टाकी, रिकामी करून धुतली, गच्चीवरच्या टाक्या धुतल्या. साडेनऊ हजार रुपये गेले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. त्याच आठवड्यात दोन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि बी विंगमधली सहा वर्षांची मुलगी दोन रात्री दवाखान्यात राहिली. प्रत्येक लिफ्टमध्ये ‘पाणी उकळून प्या’ची नोटीस लावताना हात जड झाला होता.

डी विंगमध्ये एक गृहस्थ राहतात, पाणीपुरवठ्याच्या कामात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणतात. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “टाकी कितीही धुवा. आधी घाण शिरते कुठून ते बघू.” त्यांच्याकडे क्लोरीन तपासायचं छोटं किट होतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं आणि साडेसातला जातं. दुसऱ्या दिवशी साडेचारला आम्ही दोघं गेटपाशी छत्री घेऊन उभे होतो. मीटरच्या चेंबरमधल्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी पिवळी झाली. मग आत येऊन सक्शन टाकीत पडणारं पाणी घेतलं. थेंब टाकले. काहीच रंग नाही. वाट पाहिली, तरी नाही. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असायला हवा. गेटवर तो होता, ५८ मीटर आत येईपर्यंत संपला होता. म्हणजे पालिकेकडून येणारं पाणी चांगलं होतं आणि दोष आमच्याच आवारात होता. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि किट काही शे रुपयांत मिळतं. वास आल्यावर कुणालाही दोष देण्याआधी ती नक्की करा.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं. आमच्या लाइनमध्ये तीन तास दाब असतो, उरलेले एकवीस तास ती जवळजवळ रिकामी. दाब असताना पाइपाच्या भोकातून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि पावसाळ्यात जमीन तुडुंब भरलेली असते. पुढच्या पहाटे पहिला लोंढा ते सगळं थेट टाकीत आणतो.

१ जुलैला गेटच्या आत, जिथे फरशा जरा खचल्या होत्या तिथे खोदलं. पावणेतीन फुटांवर आमचा जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप दिसला. त्यावर कधीतरी कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळली होती. प्लंबरदादांनी ती सोडली. खाली कपलिंग होतं, त्याचे आटे खाऊन गेलेले, आणि शेजारी मसुराच्या दाण्याएवढं भोक. त्याच्या बरोबर खाली, जेमतेम चार इंचांवर, ड्रेनेजचा मातीचा पाइप. ज्याला सगळे एसडब्ल्यू म्हणतात तो, चिनीमातीसारखा चकचकीत, तपकिरी. त्याच्या जोडाचं सिमेंट सुटलेलं होतं आणि भोवतालची माती काळी, चिकट, ओली. मी खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून ते बघत होते. ११२ घरं आणि तो वास यांच्यामध्ये चार इंच चिखल होता.

त्या दिवशी क्लॅम्प लावला, खालच्या जोडाला सिमेंट भरलं. १८,००० रुपये. पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत हेच चालवायचं होतं. पावसाळा संपेपर्यंत रोज पहाटे कुणी ना कुणी क्लोरीन तपासायचं असं ठरलं. एक वही केली. ती वही पुढे सभेत माझ्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडली.

१० सप्टेंबरला वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. लाइन बदलायला लागणारी रक्कम कमिटीच्या अधिकारात बसणारी नव्हती, त्यामुळे ठराव हवाच होता. पहिला प्रश्न: पूर्ण लाइन बदलायची की फक्त तुकडा? सर उठून म्हणाले, “एका वेळी, एकाच मातीत घातलेला पाइप आहे. आज इथे गेला, उद्या दहा फुटांवर जाईल.” शिवाय समोरचा रस्ता काँक्रीटचा होणार असं कानावर होतं, आणि नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर नंतर चर खोदायला मिळणं फार अवघड. तेव्हा रस्त्यातले ९ मीटर आणि आवारातले ५८ मीटर, असे एकूण ६७ मीटर पाण्याची लाइन आणि शेवटच्या चेंबरपासून पालिकेच्या मॅनहोलपर्यंत ११ मीटर ड्रेनेज, असं काम ठरलं.

खरा वाद पाइप कोणता यावर झाला. ऑक्टोबरमध्ये तीन ठिकाणांहून दर मागवले. आमची जोडणी ८० मिलिमीटरची, जुने लोक तिला तीन इंची म्हणतात. एचडीपीई म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपाचा दर आला मीटरला २९० रुपये, जाड जीआयचा ९२०, आणि डक्टाइल आयर्न म्हणजे डीआयचा १,१८०. हे आकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्यावर काय झालं असेल ते सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. “चौपट भाव कशासाठी?” हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं.

म्हणून मी वाचायला लागले. जुन्या इमारतींना मागच्या बाजूने जे काळे पाइप उतरतात ते बीडाचे. बीड कडक असतं पण ठिसूळ, घाव बसला की तडकतं. कारण बीडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि भेग त्या पापुद्र्यांवरून धावत जाते. डक्टाइलमध्ये वितळलेल्या लोखंडात थोडं मॅग्नेशियम घालतात, त्यामुळे तोच ग्राफाइट बारीक गोळ्यांसारखा जमतो, आणि भेग गोळीपाशी अडते. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या संशोधकाच्या प्रयोगातून हे निघालं. पाइप वाकेल, चेमटेल, पण काचेसारखा फुटणार नाही. आतून सिमेंटचं अस्तर असतं, त्यामुळे पाण्याला लोखंड लागतच नाही. बाहेरून जस्ताचा थर आणि त्यावर काळा बिटुमेनचा रंग.

एचडीपीई वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तो गंजत नाही, हलका आहे, आणि वेल्डिंग नीट झालं तर त्याला जोडच राहत नाहीत. बागेतून जाणारी मोकळी लाइन असती तर मी तोच घ्या म्हटलं असतं. आमची लाइन गाड्यांच्या वाटेखालून जाते, दर दोन वर्षांनी केबलवाले किंवा गॅसवाले कुठे ना कुठे पहार घालतात, आणि आवारात घुशींची बिळं आहेत. जीआय तर आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. मुलुंड पूर्वेची आमच्या बाजूची माती खाडीची, खारी आणि चिकण. तिच्यात आट्यांपाशी जस्त कापलं गेलेलं जीआय फार टिकत नाही.

पण माझं मत ज्यामुळे पक्कं झालं ती गोष्ट पाइपाची नव्हती, जोडाची होती. पाण्याची लाइन ड्रेनेजपासून आडव्या अंतराने किमान ३ मीटर दूर असावी, असं पाणीपुरवठ्याच्या सरकारी मॅन्युअलमध्ये दिलं आहे. जिथे ती ड्रेनेजला ओलांडते तिथे पाण्याच्या पाइपाचा तळ ड्रेनेजच्या माथ्यापेक्षा अर्धा मीटर वर असावा आणि पाण्याच्या लाइनचे जोड तिथून जितके दूर जातील तितके न्यावेत. डीआयचा एक पाइप साडेपाच मीटरचा येतो. त्याचा मध्य बरोबर ड्रेनेजवर ठेवला तर दोन्ही बाजूंना पावणेतीन मीटर एकसंध लोखंड मिळतं. आणि खालून जाणारं ड्रेनेजही डीआयचं केलं तर सुटणारं सिमेंटच तिथे राहत नाही, रबर रिंगचे जोड येतात. सरांनी हे वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. तो कागद मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. त्यानंतर भावावरची चर्चा बरीच निवळली.

उरलेली शंका खजिनदार काकांनी स्वतःच मिटवली. त्यांनी सगळ्या खर्चाचा तक्ता मांडला. खोदाई, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे, फरशा, प्लंबरची फी, हे पाइप कोणताही घ्या, तेवढंच. पाइपाचा खर्च एकूण कामाच्या चौथ्या भागाहूनही कमी होता. एवढं सगळं खोदून स्वस्त पाइपावर वाचवायचं कशाला, असं तेच म्हणाले.

डीआयचे तोटेही तेव्हा सगळ्यांना सांगितले होते, इथेही सांगते. ८० मिलिमीटरच्या खाली तो सहसा मिळत नाही, त्यामुळे छोट्या इमारतीच्या एक-दीड इंची जोडणीला त्याचा विचार करू नका. फिटिंग महाग पडतात. वजन भारी, आमचा ८० चा एक पाइप ऐंशी किलोच्या आसपास आणि ड्रेनेजचा १५० चा दीडशेच्या आसपास होता. आणि बेंडपाशी काँक्रीटचा ठोकळा लागतो, कारण रबर रिंगचा जोड पाण्याच्या धक्क्याने मागे सरकू शकतो.

२८ नोव्हेंबरला परवानाधारक प्लंबरमार्फत वॉर्ड ऑफिसात अर्ज गेला. सोबत सभेच्या ठरावाची प्रत, शेवटचं पाणीबिल, आवाराचा नकाशा आणि प्लंबरच्या परवान्याची प्रत. १४ डिसेंबरला पाहणी झाली. ९ जानेवारीला पाणीखात्याची मंजुरी आली, २ फेब्रुवारीला रस्ते विभागाची, ७ फेब्रुवारीला वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र. रस्त्याचे ५८,४०० रुपये भरले. या काळात मी बँकेतून सहा वेळा अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नकाशाच्या चार प्रती जवळ ठेवा, आणि त्यावर मीटर, टाकी, चेंबर यांच्यामधली अंतरं आकड्यांत लिहा. पाहणीला आलेल्या इंजिनिअरना त्यामुळे पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

पाइपाची ऑर्डर पाणीखात्याची मंजुरी आल्यावर, १० जानेवारीला दिली. ऑर्डरवर मी सरांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं: आयएस ८३२९ (डीआय पाइपाचं भारतीय मानक), वर्ग के-९ (हा वर्ग पाइपाची जाडी ठरवतो), पुश-ऑन म्हणजे रेटून बसवायचे जोड, आयएस ५३८२ ची रबर रिंग, पाण्याच्या पाइपाला आतून सिमेंटचं अस्तर, ड्रेनेजच्या दोन पाइपांना हाय अॅल्युमिना सिमेंटचं. नुसतं ‘तीन इंची डीआय’ लिहू नका. ड्रेनेजच्या अस्तराच्या मुद्द्यावर वेळ गेला. साचलेल्या सांडपाण्यातून जो वायू सुटतो त्याचं पाइपाच्या माथ्यावर आम्ल होतं आणि साधं सिमेंट ते खातं. ११ मीटरच्या चांगल्या उतारावर त्याचा त्रास कमीच, हे सरांनीही कबूल केलं. तरीही मी हट्ट धरला. दोनच पाइपांसाठी वेगळं अस्तर कुणी करून देईना. शेवटी एका विक्रेत्याने आपल्या मोठ्या ऑर्डरसोबत दोन पाइप आणवून देतो म्हटलं. त्यामुळे माल यायला २४ दिवस लागले.

३ फेब्रुवारीला रात्री साडेदहाला ट्रक आला. माल उतरवून घेतला, पावतीवर सही केली नाही. मुलीच्या फोनचा टॉर्च घेऊन मी एकेका सॉकेटच्या, म्हणजे पाइपाच्या रुंद टोकाच्या, तोंडावरचा ठसा वाचत गेले. व्यास, वर्ग, वर्ष, आयएसआयचा शिक्का आणि त्याचा परवाना क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकला की परवाना चालू आहे का ते दिसतं. ८० च्या तेरा पाइपांपैकी चारांवर के-७ होतं. मी दुसऱ्यांदा वाचलं, मुलीला वाचायला लावलं. के-७ च.

सर पायजम्यातच खाली आले. ते म्हणाले, “दाबाच्या दृष्टीने के-७ पण पुरेल, खोटं कशाला बोलू. पण के-९ ची मानकातली जाडी सहा मिलिमीटर आहे. खाडीच्या मातीत ती जाडी म्हणजे आपली वर्षं आहेत. आणि पैसे आपण सहाचे दिलेत.” विक्रेत्याने आधी “ताई, काही फरक पडत नाही” म्हणून पाहिलं, मग चूक मान्य केली. तीन दिवसांत चारही बदलून मिळाले. दिवसाउजेडी उरलेले पाइप तपासले. पट्ट्यावर टांगून हलक्या हातोडीने ठोकला की चांगला पाइप घंटेसारखा वाजतो. बाहेरचा घेर शिंप्याच्या टेपने मोजला. ८० च्या पाइपाचा बाहेरचा व्यास ९८ मिलिमीटर, म्हणजे घेर ३०८ च्या आसपास यायला हवा. आणि उतरवताना एक बघा: पाइपाच्या पोटातून साखळी किंवा पहार घालून उचलू देऊ नका, आतलं अस्तर निघतं. नायलॉनचा पट्टा बाहेरून गुंडाळायचा.

१२ फेब्रुवारीच्या रात्री रस्त्यातली खोदाई सुरू झाली. पोलिसांच्या अटीप्रमाणे दोन रात्रींत रस्त्यातलं काम आटोपायचं होतं, आणि ते आटोपलं. १४ तारखेपासून आवारात.

जोड कसा होतो ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चकित झाले. ना आटे, ना शिसं, ना वेल्डिंग. सॉकेटच्या आत एक खाच असते. दादांनी ती फडक्याने पुसली, बोटाने फिरून वाळूचा कण राहिला नाही ना पाहिलं. रबर रिंग हृदयाच्या आकारात दुमडून आत सोडली आणि तळव्याने दाबत दाबत बसवली. दुसऱ्या पाइपाच्या टोकाला साबणासारखं वंगण लावलं, टोक सरळ रेषेत आणलं, मागून लाकडाचा ठोकळा ठेवून पहारेने रेटलं. टोकावर दोन खुणा असतात. पहिली खूण सॉकेटमध्ये नाहीशी झाली आणि दुसरी काठाशी आली की जोड बसला. मग पत्र्याची पातळ पट्टी फटीत घालून रिंग सगळीकडे सारख्या खोलीवर आहे का तपासायचं. एका जोडाला पाच-सात मिनिटं. वंगण म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल वापरू देऊ नका, रबर फुगतं.

मध्ये आमचा जुना सोनमोहोर येतो. त्याच्या मुळ्या तोडायच्या का, यावर आदल्या दिवशी थोडी कुरबुर झाली होती. या पाइपाचा प्रत्येक जोड पाच अंशांपर्यंत तिरका करता येतो. साडेपाच मीटरच्या पाइपाला म्हणजे टोकाला जवळजवळ दीड फूट. तीन जोडांत थोडं थोडं वळवत लाइन झाडाला वळसा घालून गेली. एकही बेंड लागला नाही, एकही मूळ तुटलं नाही. जोड आधी सरळ बसवायचा आणि मग तिरका करायचा, हे मात्र पाळावं लागतं.

पाइप चरात सोडण्याआधी प्रत्येकावर काळ्या पॉलिथीनची नळी चढवली आणि टेपने बांधली. आमच्या खाऱ्या मातीसाठी ही सरांची अट होती. खाली चार इंच वाळू. क्रॉसिंगच्या जागी मी स्वतः टेप धरली. ड्रेनेजचा माथा साडेचार फुटांवर, पाण्याच्या पाइपाचा तळ पावणेतीन फुटांवर. मध्ये पावणेदोन फूट, म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा थोडं जास्त. जिथे चार इंच होते तिथे.

ड्रेनेजला उतार दिला साठाला एक, ११ मीटरला १८ सेंटिमीटर. पाइप बसल्यावर एका टोकाला टॉर्च आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरून पाहिलं. आरशात पूर्ण गोल दिसला. तो पूर्ण दिसला नाही तर लाइन कुठेतरी वाकली आहे असं समजायचं. माती लोटण्याआधीच हे करून घ्या.

२० फेब्रुवारीला पाण्याच्या लाइनची प्रेशर टेस्ट. दोन्ही टोकं बंद करून, हवा काढून, हातपंपाने सहा किलो दाब. काटा स्थिर राहायला हवा होता. वीस मिनिटांत साडेपाचवर आला, तासाभरात साडेचारवर. मी तिथेच स्टूल टाकून बसले होते. त्या काट्याकडे बघताना पोटात गोळा आला. जोडांवर अजून माती लोटली नव्हती म्हणून निभावलं. टाकीजवळच्या शेवटच्या जोडाखालची वाळू ओली दिसली. तो तुकडा मापाला कापलेला होता. कारखान्यातून येणाऱ्या टोकाला तिरकी धार काढलेली असते. डिस्कने कापल्यावर ती पुन्हा घासून काढावी लागते, आणि घाईत ती राहिली होती. चौकोनी काठाने रिंग एका बाजूला गुंडाळली गेली होती. नवी रिंग घातली, धार काढली, कापलेल्या जागी रंग लावला. २२ तारखेला पुन्हा सहा किलो. दोन तास मी काट्यावरून नजर हटवली नाही. तो हलला नाही.

टेस्टच्या आधी माती लोटून घेऊ, असं कंत्राटदार तीनदा म्हणाला होता. ऐकलं असतं तर सगळं पुन्हा उकरावं लागलं असतं.

२३ तारखेला लाइन निर्जंतुक केली. ६७ मीटरच्या ८० मिलिमीटर पाइपात फक्त ३४० लिटर पाणी मावतं, त्याला ताजी ब्लीचिंग पावडर लागली २६ ग्रॅम, दोन मोठे चमचे. चोवीस तास भरून ठेवली, मग धुवून काढली. २४ ला पालिकेच्या लोकांनी मुख्य वाहिनीवरून नवी जोडणी दिली. चार दिवस टँकर चालू होते. २५ तारखेला, रविवारी पहाटे साडेचारला, निम्मी सोसायटी सक्शन टाकीपाशी होती. नळी पिवळी झाली. बी विंगमधल्या त्या मुलीच्या आजी शाल पांघरून आल्या होत्या. त्यांनी नळी हातात घेतली, दिव्याकडे धरून पाहिली आणि मग म्हणाल्या, “आता उकळायला नको ना गं?” मी म्हटलं, “आजी, आठ दिवस अजून उकळा. नमुन्याचा रिपोर्ट येऊ दे.”

रिपोर्ट ४ मार्चला आला, स्वच्छ. फरशा ५ मार्चपर्यंत बसल्या.

एकूण खर्च ५,४७,८३२ रुपये. त्यात पाइप जीएसटीसह १,२८,६३२, फिटिंग आणि व्हॉल्व्ह ६१,५००, खोदाई-मजुरी १,७४,०००, रस्ता ५८,४००, वाळू-काँक्रीट-पॉलिथीन २७,३००, प्लंबरची फी ३५,०००, फरशा ४१,०००, टँकर आणि तपासण्या २२,०००. फ्लॅटमागे ४,९०० रुपयांच्या आत. २०२४ च्या पावसाळ्यात वही पुन्हा सुरू केली, जूनभर रोज पिवळी नळी. जुलैत दिलेला नमुनाही स्वच्छ आला.

चर उघडा असताना प्रत्येक जोडाचे फोटो टेप लावून काढले होते. त्यावरून सरांनी नकाशा करून दिला, गेटच्या खांबापासून प्रत्येक जोड किती अंतरावर आणि किती खोल. एक प्रत माझ्याकडे, एक लॅमिनेट करून वॉचमनच्या केबिनमध्ये. ऑगस्टमध्ये केबलवाले पहार घेऊन आले तेव्हा वॉचमनदादांनी आधी तो नकाशा त्यांच्यापुढे धरला.

सी विंगमागची जुनी एसडब्ल्यू लाइन अजून तशीच आहे. तिथे पाण्याची लाइन जवळून जात नाही, त्यामुळे डीआय घ्यायचा की जाड पीव्हीसी, यावर सरांचं आणि माझं एकमत झालेलं नाही. दर मागवले आहेत. विषय सभेपुढे ठेवायचा आहे.